दाण्याशी वैर

सामंतबाई पहिल्या भेटीत नमस्कार-चमत्कार करायच्या नाहीत. समोरच्याचा उजवा हात सरळ आपल्या हातात घ्यायच्या, उलटा-सुलटा करून बघायच्या आणि हुंगायच्या. मुलुंडच्या त्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले, त्या सकाळी माझाही हात असाच हुंगला गेला. घरून निघताना मी डब्यात कूट घातलेली बटाट्याची भाजी भरली होती. बाईंचं नाक आक्रसलं.

"दाणे," त्या म्हणाल्या. "जा, साबण लावून धू. मग बस टायपायला."

मी मनात म्हटलं, कर्म माझं! कुठल्या वेड्यांच्या बाजारात येऊन पडले! मोरीवर हात धूत होते तर आश्रमाचा आचारी महादू बादली घेऊन आला. माझं तोंड बघून हसला. "ताई, राग मानू नका. उद्या मंत्री जरी आला ना, तरी त्याचापण हात हुंगतील. आमच्या कुसुमताईंचं आणि दाण्याचं वैर आहे."

वैर हा शब्द सामंतबाईंचा. डॉक्टर त्याला अ‍ॅलर्जी म्हणायचे. पण ते ऐंशीच्या दशकातले दिवस. अ‍ॅलर्जी असते ती धुळीची, फार तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनची, एवढंच लोकांना ठाऊक. खाण्याच्या जिनसाची असते, आणि तीही शेंगदाण्याची, म्हटलं की लोक आधी हसायचे. आश्रमाचे सेक्रेटरी तर म्हणायचे, "अहो, शेंगदाणा म्हणजे उपासाचा पदार्थ. देवाला चालतो आणि यांना चालत नाही?"

आणि आपल्या स्वयंपाकात बघायला जाल तर दाणा कुठे नाही? कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, चटणी दाण्याची, उपासाची आमटी दाण्याची, पोह्यांवर दाणे. हे सगळं ज्यात परतायचं ते तेलही दाण्याचंच. महादू साताऱ्याकडचा. कुटाची मूठ पडल्याशिवाय भाजी झाली असं त्याला वाटायचंच नाही. अशा घरात एका म्हातारीला दाण्यापासून लांब ठेवायचं काम सामंतबाईंनी अंगावर घेतलं होतं. लोक त्यांना सर्किट म्हणायचे. सुरुवातीला मीही म्हणायची.

बाई मूळच्या मालवणच्या, राहायला भांडुपला. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा त्या नोकरीला बाहेर पडल्या आणि आश्रमाचं स्वयंपाकघर बघायला लागल्या. बुटक्या, गोल, पदर कमरेला घट्ट खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बाई येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. रागावल्या की मालवणी, खूश झाल्या की मालवणी, आणि सेक्रेटरींशी बोलताना तेवढी पुस्तकातली मराठी. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी कायम 'चेडवा', म्हणजे पोरी.

म्हाताऱ्या माणसांनाही त्या नावाने नाही, पथ्याने ओळखायच्या. "ते बिनमिठाचे सरदेसाई कुठे उलथले?" "साखरबंद जोशीबुवांना सांग, उशीखाली आंबावडी ठेवली तर मुंग्या आधी मला येऊन सांगतात." एक आजी नुसत्या खिमटावर होत्या, त्या खिमटबाई. नवल म्हणजे कुणालाच राग यायचा नाही. ज्यांच्या घरच्यांना त्यांची जन्मतारीख आठवत नव्हती, त्यांना कुणीतरी निदान काय पचत नाही एवढं तरी लक्षात ठेवतंय, हे बरं वाटत असावं.

बाईंचं एक पालुपद होतं. कुणाचं पोट बिघडलं, कुणाची साखर वाढली, महादू म्हणाला मी नाही, नर्स म्हणाली मी नाही, की बाई पदराला हात पुसत म्हणायच्या, "पुरे तुमची वकिली. या घरात कुणाच्या तोंडात जे जातं, ते माझं." तिथे वाद संपायचा.

कुसुमताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. ऑपरेटर होत्या. लग्न केलं नव्हतं. गोरेगावला पुतण्या होता, तो त्यांना आणून सोडून गेला. उंच, गोऱ्या, केसांचा छोटासा अंबाडा, आणि आवाज असा की ऐकत राहावं. विसराळूपणाचं दुखणं नुकतंच सुरू झालं होतं. खांद्याला कुणी हात लावला की त्या दचकून म्हणायच्या, "हॅलो, कोण हवंय आपल्याला?" बाई उत्तर द्यायच्या, "तुम्हीच हव्यात. जेवायला चला."

माझ्या आधीची गोष्ट महादूने मला सांगितली. कुसुमताई आल्या तेव्हा त्यांना स्वतःचं सगळं आठवत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मला शेंगदाणा अजिबात चालत नाही हो." बाईंनी मान हलवली. असले नखरे त्यांनी खूप ऐकलेले. कुणी म्हणतं वांगं नको, कुणी म्हणतं पडवळ बघवत नाही. त्या दिवशीच्या काकडीच्या कोशिंबिरीत चिमूटभर कूट होतं. बाई म्हणाल्या, "एवढ्याशाने काय होतंय! खा, चांगली झालीय." कुसुमताई भिडस्त. नवीन घर, नवीन माणसं. त्यांनी दोन घास खाल्ले.

मग ओठ सुजले, डोळे मिटले, घशातून शिटीसारखा आवाज यायला लागला. नशिबाने डॉक्टर त्याच वेळी आश्रमात आले होते. त्यांनी इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी बाईंना सरळ सांगितलं, "दर वेळी हे आधीपेक्षा जोरात येऊ शकतं. दर वेळी मी इथे असेनच असं नाही. एक दाणासुद्धा नको." बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. महादू म्हणाला, "देवळातल्यासारख्या बसून होत्या ओट्याखाली. मी म्हटलं चहा घ्या, तर म्हणाल्या, तिने मला सांगितलं होतं रे. तोंडाने सांगितलं होतं."

तेव्हापासून हे हात हुंगणं.

कुसुमताईंसाठी वेगळी लोखंडी कढई आली. बाईंच्या लग्नातली, त्यांनी भांडुपहून आणलेली. तिला वेगळं उलथनं. दोन्ही लाल लुगड्याच्या तुकड्यात बांधून उंच खुंटीवर टांगलेली, म्हणजे घाईत कुणाचा हात जाऊ नये. तेल रेशनवरचं पामतेल, ते आणायला बाई स्वतः रांगेत उभ्या राहायच्या. आणि जिथे जिथे कूट, तिथे तिथे ओलं खोबरं. मालवणच्या बाईला खोबऱ्याचं काय सांगायचं! साबुदाण्याच्या खिचडीत खोबरं, वऱ्याच्या तांदळावर खोबऱ्याची आमटी. कुसुमताई एकादशी सोडायच्या नाहीत. आज वार कोणता ते आठवायचं नाही, पण एकादशी बरोबर आठवायची. उपासाच्या दिवशी आख्खं घर दाण्याने दरवळायचं आणि बाई कुसुमताईंच्या खाटेभोवती अशा फिरायच्या, की जणू घरात साप निघालाय.

एकदा महादूने गडबडीत त्या कढईत दाणे भाजले. बाई आत आल्या आणि वासावरूनच ओळखलं. मला वाटलं आता उलथनं महादूच्या डोक्यात बसणार. पण ओरडणं नाही, काही नाही. "महाद्या," म्हणाल्या, "अरे, मी किती डोळे उघडे ठेवू? माका दोनच आसत." मग स्वतः बसून राखेने, मग साबणाने, मग चिंचेने ती कढई घासली. त्यानंतर त्यात फोडणीची पोळी करून आधी स्वतःच खाल्ली. बाईंना स्वतःला दाण्याचं वैर नव्हतं, मग खाऊन काय कळणार होतं? मी तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे गो. पण काहीतरी करूक होया ना माणसान?"

सगळ्यात वाट लावायचे ते देणगीदार. आश्रम चालायचा त्यांच्याच जेवणावर. कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी, कुणाच्या नातवाचा वाढदिवस. मी सकाळी फळ्यावर खडूने लिहायची, आजचे भोजन अमक्यांच्या स्मरणार्थ. मग मंडळी पातेली घेऊन यायची. त्यांना नुसतं जेवण देऊन समाधान नसायचं. प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडात आपल्या हाताने गोडाचा घास घालायचा असायचा, आणि फोटो. त्याला नाही कसं म्हणणार? म्हातारी माणसंही बिचारी आ करून बसायची, साखर असो, नसो. बिनमिठाचे सरदेसाई फरसाण खायचे आणि रात्री धापा टाकायचे. बाई दारात डबे उघडून बघायच्या, बोटाने चाखायच्या, विचारायच्या, आणि तरी निम्मं निसटायचं.

घाटकोपरचे एक गृहस्थ असेच आले. मोठी चांदीची वाटी, त्यात लाडू. बाई म्हणाल्या, "आधी मला भरवा." गृहस्थांना वाटलं, बाईंना गोडाची आवड दिसतेय. भरवला. बाईंनी चघळून चघळून खाल्ला आणि म्हणाल्या, "यात दाण्याचं पीठ आहे. त्या खिडकीजवळच्या आजींना सोडून सगळ्यांना द्या."

गृहस्थ भडकले. "असा भेदभाव करायचा? माझ्या वडिलांचा दिवस आहे. कुणी उपाशीतोंडी राहिलं तर त्यांच्या आत्म्याला शांती कशी मिळणार?"

"तुमच्या वडिलांना शांती मिळायला हवी ना?" बाई म्हणाल्या. "मग आमच्या कुसुमताईंना त्यांच्याकडे पाठवू नका."

महादू तोंडात रुमाल कोंबून मागच्या दाराने पळाला. मी फळा पुसायला लागले. गृहस्थ पुन्हा आले नाहीत, आणि सेक्रेटरींनी बाईंना ऑफिसात बोलावून जे झापलं ते टाइपरायटरच्या आवाजातही मला ऐकू येत होतं. "एका बाईसाठी आपण माणसं तोडायची का, सामंतबाई?" बाई पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "नाही साहेब. परंतु एका बाईला गिळूही द्यायचं नाही." सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. त्यालाही घर चालवायचं होतं. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी वेगळं काय केलं असतं, सांगा.

पण बाईंना खरं हरवलं ते खुद्द कुसुमताईंनी.

विसर वाढत गेला आणि एक दिवस कुसुमताई हेही विसरल्या, की आपल्याला दाणा चालत नाही. झालं! इतके दिवस आतून एक पहारेकरी होता, तोही गेला. त्या शेजारच्या ताटातली चटणी उचलायला लागल्या. बाई हात धरायच्या, ताट सरकवायच्या. एका दुपारी कुसुमताईंनी ताट ढकललं आणि रडायलाच लागल्या. एवढ्या सोज्वळ बाई, लहान मुलीसारख्या ओठ काढून रडत होत्या. "मला सगळे वेगळं का वाढता? वेगळी कढई, वेगळं ताट, मी काय केलंय? मला वाळीत का टाकलंय तुम्ही?"

बाईंनी समजावलं. कुसुमताईंना पटलं. थोड्या वेळाने विसरल्या आणि पुन्हा तेच रडणं. पुन्हा समजावलं. संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. मी ऑफिसातून बघत होते आणि मला रडू येत होतं. दाण्याने मरेल म्हणून वाचवायचं, आणि वाचवलं की रोज हे असं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन ताटं वाढली. दोन्ही त्या लाल फडक्यातल्या कढईतली. एक कुसुमताईंसमोर, एक स्वतःसाठी. मांडी घालून शेजारी बसल्या. "तुम्ही कोण?" कुसुमताईंनी विचारलं. "मी पण वाळीतली," बाई म्हणाल्या. "चला, आपली दोघींची पंगत." कुसुमताई खुदकन हसल्या आणि जेवल्या. त्या दिवसापासून बाईंनी दाणा सोडला. आश्रमात काय आणि घरी काय. भाजीवाली भाजक्या शेंगा पुढे करायची तर म्हणायच्या, "आमच्यात चालत नाहीत."

त्या पंगतीत पुढे एक तिसरी आली. वेणूताई. चेंबूरच्या, विधवा, पलीकडच्या खाटेवरच्या. त्यांचं हृदय कमजोर, पाय सुजायचे, म्हणून मीठ कमी. वेणूताईंचा जीव कुसुमताईंवर असा जडला की विचारू नका. दोघींचं सगळं अर्धं-अर्धं. केळं अर्धं, बिस्कीट अर्धं, पेपरातसुद्धा एक पान हिला, एक तिला. वेणूताईंना बाईंनी दाण्याचं शंभरदा सांगितलं होतं. त्यांनी ते मनावरही घेतलं होतं. स्वतःच्या बशीत पोह्यांवर दाणे दिसले की ती बशी कुसुमताईंना शिवू द्यायच्या नाहीत, हात धुऊन मगच त्यांच्याजवळ बसायच्या. बाई मला म्हणायच्या, "बघ, माका आणखी दोन डोळे मिळाले."

संक्रांत आली की मात्र बाईंची झोप उडायची. तिळगूळ! घ्या तिळगूळ म्हटल्यावर नको म्हणायची आपल्यात रीत नाही. शाळेतली मुलं यायची, महिला मंडळं यायची, नातेवाईक वर्षातून एकदा तोंड दाखवायला यायचे, आणि प्रत्येकाच्या हातात लाडू. मुंबईत तिळगुळात दाणे असतातच. बाईंनी त्यावर तोड काढली. संक्रांतीच्या आधी स्वतः नुसत्या तिळाचे आणि सुक्या खोबऱ्याचे लाडू वळले, परातभर. आणि फाटकात स्टूल टाकून बसल्या. शेजारी पत्र्याचा मोठा डबा. येणाऱ्याला सांगायच्या, "तुमचा तिळगूळ या डब्यात टाका. माझा घ्या. आत जाऊन तोच वाटा आणि गोड बोला."

लोक चिडायचे, हसायचे, पण द्यायचे. डब्यातले लाडू मग आम्ही स्टाफ घरी न्यायचो. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत वाटतात, म्हणून बाईही रथसप्तमीपर्यंत फाटकात. त्यामुळे आश्रमात सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की संक्रांतीचा लाडू म्हणजे सामंतबाईंचा लाडू. त्याला भ्यायचं कारण नाही.

त्या वर्षी रथसप्तमी झाली, डबा घासून माळ्यावर गेला, स्टूल स्वयंपाकघरात परत आलं. नंतरच्या एका सकाळी रेशन दुकानात पामतेल आल्याचं कळलं आणि बाई कॅन घेऊन रांगेत उभ्या राहायला गेल्या. कुसुमताईंचं तेल संपत आलं होतं.

त्याच सकाळी वेणूताईंचा नातू आला. बँकेतला, चांगला मुलगा. ट्रेनिंगसाठी बाहेरगावी होता म्हणून संक्रांतीला येता आलं नव्हतं. आजीच्या पाया पडला आणि कागदात बांधलेला एक लाडू तिच्या हातावर ठेवला. "आईने तुझ्यासाठी ठेवला होता, आजी. उशीर झाला, तरी गोड बोल." वेणूताईंना काय आनंद झाला! नातू गेल्यावर त्या मला ऑफिसच्या दारातूनच म्हणाल्या, "बघितलंस? आठवणीने आणला." मीही हसून मान डोलावली. तिळगूळ तर होता.

वेणूताईंनी अर्धा खाल्ला. अर्धा आतल्या खोलीत कुसुमताईंना नेऊन भरवला.

आधी कुसुमताईंच्या खोकण्याचा आवाज आला. मी धावले तर चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. नर्स डॉक्टरांना फोन लावत होती, महादू चपला न घालता रिक्षा आणायला पळाला. वेणूताई कुसुमताईंची पाठ चोळत होत्या. "काय होतंय गं कुसुम? ठसका लागला का? पाणी घे गं." डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, हॉस्पिटलला न्यायला रिक्षात घातलं. रिक्षा फाटकातून निघते तोच समोरून बाई आल्या, एका हातात तेलाचा कॅन. त्यांनी आत बघितलं. कॅन तिथेच फाटकात ठेवला आणि रिक्षात चढल्या.

संध्याकाळच्या आत सगळं संपलं. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या पदराला कुसुमताईंच्या केसातली एक पिन अडकलेली होती.

आल्या त्या सरळ कुसुमताईंच्या खाटेशी गेल्या. चादर हुंगली, पेला हुंगला, उशी उचलली. खाली लाडवाचे दोन-तीन कण होते. ते बोटावर घेऊन नाकाशी नेले आणि मग डोळे मिटले. मी शेजारी उभी होते.

पलीकडच्या खाटेवर वेणूताई बसल्या होत्या, रडून रडून थकलेल्या. त्या म्हणाल्या, "तो तिळगूळ आहे हो, सामंतबाई. माझ्या नातवाने आणलेला. अर्धा मी कुसुमला दिला. शेवटचा माझ्याच हातचा घास खाल्ला तिने." आणि मग एकदम, भेदरून, "तिळगुळाने तर काही झालं नसेल ना?"

बाईंनी ते कण मुठीत मिटून घेतले.

"तिळगुळाने काय होतंय, आजी?" त्या म्हणाल्या. "गोडच घास गेला तिच्या तोंडात. बरं केलंत."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. "चेडवा, त्या म्हातारीचं काळीज आधीच फाटक्या कापडासारखं. तिला कळलं तर आज रात्रीच जाईल. तू काय बघितलं नाहीस." मी म्हटलं, "पण बाई, तुम्हाला विचारतील." त्या म्हणाल्या, "विचारू देत."

विचारलंच. दोन दिवसांनी पुतण्या आला, सेक्रेटरींच्या खोलीत बसला. काय खाल्लं, कुणी दिलं, एवढी खबरदारी घेता म्हणून सांगत होता ना, मग हे कसं झालं? त्याचंही काय चुकलं? मी चहा न्यायला म्हणून आत गेले होते. सेक्रेटरी म्हणाले, "सामंतबाई, तुम्हाला काही माहीत आहे का? बाहेरून काही आलं होतं का?"

बाई उभ्या होत्या. पदर सोडलेला, अंगभर घेतलेला, तसा मी कधी पाहिला नव्हता. "या घरात कुणाच्या तोंडात जे जातं ते माझं, साहेब," त्या म्हणाल्या. "मी नेहमीच म्हणत आले."

एवढंच. खोटं काही बोलल्या नाहीत, आणि खरंही सांगितलं नाही. पुतण्याने तोंड फिरवलं. सेक्रेटरींनी टेबलावरचा पेपरवेट बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "तुम्ही आता विश्रांती घ्या." मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. काय सांगणार होते? एकीला वाचवायला जावं तर दुसरी जाणार. मी चहाचे कप उचलून बाहेर आले.

बाई निघाल्या त्या सकाळी महादू स्वयंपाकघरातून बाहेरच आला नाही. बाईंनी खुंटीवरची कढई आणि उलथनं काढलं, लाल फडक्यासकट काखेत मारलं. व्हरांड्यात वेणूताई खुर्चीत बसल्या होत्या. चूक बाईंची असं बोलणं एव्हाना आश्रमभर पसरलं होतं, ते त्यांच्याही कानावर गेलं होतं. बाई त्यांच्यासमोर वाकल्या, पायाच्या सुजेवर अंगठा दाबून बघितला.

"मीठ जास्त होतंय, आजी."

वेणूताईंनी पाय ओढून घेतला. "हात लावू नका मला," त्या म्हणाल्या. "माझ्या कुसुमला तुम्ही मारलंत. काय घातलंत तिच्या जेवणात?"

बाई तशाच वाकलेल्या राहिल्या. मी पुढे होणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. बाईंनी आयुष्यात कुणाची विनवणी केलेली मला माहीत नाही. "चुकलं, आजी," त्या वेणूताईंना म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "महाद्याला सांग, वेणूताईंची आमटी वेगळी काढ. विसरतो तो."

मी फाटकापर्यंत सोडायला गेले. समोरून एक तरुण गृहस्थ येत होते, हातात मिठाईची पेटी. मी सकाळीच त्यांचं नाव फळ्यावर लिहिलं होतं. बाईंना बघून ते थांबले, हसले आणि नमस्कार म्हणत हात पुढे केला. बाईंनी कढई एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली, त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि नाकाशी नेला.

"दाणे आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो, दाण्याचे लाडू आहेत," ते गोंधळून म्हणाले. "मुद्दाम मऊ करून आणलेत, म्हाताऱ्या माणसांना चावता येतील असे. का? इथे चालत नाहीत का?"

बाई त्यांचा हात धरून उभ्या राहिल्या. मागे व्हरांड्यात ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी हात सोडला.

"न्या आत," त्या म्हणाल्या. "आता चालतात."